प्रबंध शोधगंगेवर आहे, पण आकडे कुठे आहेत?

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली. तिच्या पराला धातूची पट्टी होती आणि पट्टीवर आकडा होता ०३२३३. जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर कळलं, की मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला ही पट्टी लावली होती. म्हणजे सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिम किनाऱ्याची वेगळी, असं मानत आलेल्यांना या एका मादीने पुन्हा विचार करायला लावलं.

बातमी सगळीकडे झाली आणि व्हायलाच हवी होती. त्यात कासवाचं कौतुक झालं, किनाऱ्यावर रात्री जागणाऱ्यांचंही झालं. ओडिशातल्या नोंदींबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. कोणत्या क्रमांकाची पट्टी, कोणत्या दिवशी, कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या मादीला लावली, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं. चार वर्षांनी ते सापडेल आणि दुसऱ्याला कळेल असं ठेवलं होतं. ती यादी एखाद्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये राहिली असती, तर गुहागरला आपल्या हाती फक्त पाच अंक लागले असते.

हा लेख अशा याद्यांबद्दल आहे. त्या जपण्याच्या कामाला विद्यापीठांच्या भाषेत संशोधन डेटा व्यवस्थापन म्हणतात. नाव जड आहे, काम मात्र साधं आहे, आणि माझ्या मते आपल्या किनाऱ्यासाठी ते फार तातडीचं आहे. त्यासाठी मदत मागायची जागा बहुतेकांच्या कॉलेजातच असते, ती म्हणजे ग्रंथालय.

आधी डेटा म्हणजे काय ते पाहू

संशोधन म्हटलं की डोळ्यांसमोर छापील निबंध किंवा जाड बांधणीचा प्रबंध येतो. तो शेवटचा टप्पा. त्याआधी संशोधकाने जे गोळा केलेलं असतं ते सगळं म्हणजे संशोधनाचा डेटा. आंब्याच्या साठ कलमांना मोहोर कोणत्या तारखेला आला त्याची वही, मिरकरवाड्याच्या बंदरात रोज सकाळी उतरलेल्या मासळीची वजनं, खाडीच्या पाण्याच्या खारेपणाची रीडिंग, दशावतारातल्या ज्येष्ठ कलावंतांच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग, कातळशिल्पांचे फोटो आणि मोजमापं, घरोघर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. हे सगळं डेटाच आहे. मराठी किंवा इतिहास विभागाच्या संशोधकाला वाटतं की हा शब्द विज्ञानवाल्यांचा. पण ज्या गावात आता ती बोली बोलणारं कुणी उरलेलं नाही तिथलं वीस वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग पुन्हा करता येत नाही. प्रयोगशाळेतला प्रयोग पुष्कळदा पुन्हा करता येतो.

कोकणातला बराचसा डेटा याच जातीचा आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्याच्या आदल्या महिन्यात श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा कशा होत्या, हे आता कुणालाही मोजता येणार नाही. तेव्हा ज्यांनी मोजलं असेल त्यांच्याच कागदावर ते आहे.

प्रबंध जपला जातो, मग त्यामागचे आकडे?

आपल्याकडे प्रबंध जपण्याची सोय चांगली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएचडीचा प्रबंध डिजिटल स्वरूपात द्यावा लागतो आणि तो शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात जातो. हा संग्रह गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था चालवते. देवगडात बसलेला विद्यार्थी आसाममधला प्रबंध फुकट वाचू शकतो.

वाचनाची दुसरी मोठी सोय नुकतीच झाली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं आणि ६,३०० हून जास्त सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था असा तिचा पसारा आहे. पूर्वी जे लेख फक्त मोठ्या शहरांतल्या श्रीमंत संस्थांना परवडत, ते आता लहान गावातल्या सरकारी संस्थेतही उघडतात. मला ही योजना मनापासून महत्त्वाची वाटते.

पण ही सोय दुसऱ्यांचं काम वाचण्याची आहे. शोधगंगेवर प्रबंध आहे, त्यात मोहोराच्या तारखांचा एक आलेख आहे, खाली सरासरी दिली आहे. साठ कलमांच्या पाच हंगामांच्या मूळ तारखा तिथे नसतात. त्या असतात संशोधकाच्या पेन ड्राइव्हमध्ये, गाईडच्या कपाटात, किंवा व्हायवा झाल्यावर बदललेल्या संगणकात. उद्या कुणाला विचारायचं असेल की मोहोर लांबत चालला आहे का, तर सरासरीचा उपयोग नाही, तारखा लागतात.

हे नुकसान किती वेगाने होतं ते मोजलं गेलं आहे. २०१४ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागून पाहिला होता. निबंध जितका जुना तितकी डेटा शाबूत असण्याची शक्यता कमी, आणि ही घट दर वर्षाला १७ टक्के होती. कारणं आपल्या ओळखीची आहेत: ईमेलचा पत्ता बदललेला, फाइल कुठे आहे ते आठवत नाही, किंवा फाइल अशा साधनावर आहे जे वाचणारं यंत्रच आता मिळत नाही.

कुलाब्याचे आकडे १४४ वर्षांनी

‘माझे आकडे पुढे कोण बघणार?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी कुलाबा आणि अलिबागची गोष्ट सांगेन.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेतली जात होती. माणसं दिवसरात्र, तासातासाला यंत्राजवळ जाऊन आकडा वहीत उतरवत. काटा नेहमीपेक्षा जास्त हलू लागला की दर पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनीही नोंद घ्यायची अशी शिस्त होती. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावर एक प्रचंड झळाळी पाहिली. पाठोपाठ पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं आणि युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांचे तारमार्ग बिघडले. त्या वेळी कुलाब्यात ज्यांची पाळी होती, त्यांनी आकडे उतरवले. त्यांना सूर्यावर काय झालं हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

पुढे मुंबईतल्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळेचं हे काम अलिबागला नेलं. आता जे झालं ते नीट पाहा. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. का? जागा बदलली की आकड्यांत फरक पडतो. तो फरक किती हे माहीत असेल तरच जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे आकडे आणि त्यांचं विवेचन एकत्र करून १९१० मध्ये प्रसिद्ध केलं.

मग २००३ साल उजाडलं. उपग्रह, वीजवाहिन्या, मोबाइल यांना सौरवादळाचा किती धोका आहे, हा प्रश्न जगापुढे होता. १८५९ चं वादळ किती मोठं होतं ते कळल्याशिवाय उत्तर देणं अवघड होतं. अमेरिका, ब्राझील आणि भारत इथल्या शास्त्रज्ञांच्या गटाने, त्यात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञही होते, कुलाब्याच्या नोंदी काढल्या. १८५९ च्या त्या वादळात कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आलं होतं. आज अवकाशातल्या हवामानावर काम करणारा कुणीही त्या वादळाबद्दल बोलताना कुलाब्याचं नाव घेतो. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

या गोष्टीत मला सर्वात मोलाचं काय वाटतं ते सांगतो. आकडे टिकले, पण नुसते आकडे टिकून भागलं नसतं. यंत्र कोणतं, त्याच्या काट्याचा एक भाग म्हणजे किती, वेळ कुठली, हेही लिहिलेलं होतं. १८५९ मध्ये भारतीय प्रमाणवेळ अस्तित्वातच नव्हती. ‘सकाळी ११’ हे मुंबईच्या स्थानिक वेळेने आहे हे ठाऊक नसतं, तर इंग्लंडमधल्या झळाळीशी वेळ जुळवताच आली नसती.

डब्यावरची चिठ्ठी

आकड्यांबद्दलच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. हा एक शब्द मात्र लक्षात ठेवायला हवा.

पावसाळ्याआधी कोकणातल्या घरांत बेगमी होते. कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकी मासळी, तिखट, सगळं डब्यांत आणि बरण्यांत भरलं जातं. जिने भरलं तिला कोणता डबा कशाचा हे पाठ असतं. ती चार दिवस माहेरी गेली की बाकीचे एकेक झाकण उघडत बसतात. दोन पिठं दिसायला सारखी, एक गेल्या वर्षीचं, एक यंदाचं. कुठलं आधी संपवायचं? डब्यावर नाव आणि महिना लिहिलेली चिठ्ठी असती तर प्रश्नच आला नसता. डेटाच्या फाइलला लावलेली तशी चिठ्ठी म्हणजे मेटाडेटा. फाइल ज्याने बनवली तो समोर नसतानाही दुसऱ्याला ती वापरता आली पाहिजे, एवढीच त्याची कसोटी.

आपल्या भागात ही चिठ्ठी जरा जास्तच काळजीने लिहावी लागते. मासळीचंच घ्या. मुंबईकडे जे पापलेट ते मालवणात सरंगा. सुरमईला इसवण म्हणतात, मुशीला मोरी. वसईच्या आणि वेंगुर्ल्याच्या बंदरांवरच्या नोंदी एकत्र केल्या आणि शास्त्रीय नावं लिहिलेली नसली, तर एकाच माशाचे दोन मासे होतात. आंब्याची ‘पेटी’ चार डझनांची असते तशी सहा डझनांचीही असते. ‘या बागेतून ४० पेट्या’ याचा अर्थ दहा वर्षांनी कुणी कसा लावायचा? मच्छीमार पाण्याची खोली वावात सांगतो, भात मणात आणि खंडीत मोजलं जातं, आणि मण सगळीकडे सारखा नसतो. स्थानिक शब्द जरूर ठेवा, तेही मोलाचे आहेत, पण शेजारच्या रकान्यात किलो आणि मीटर लिहा.

सर्वात जास्त गोंधळ रिकाम्या चौकटीने होतो. समजा, बंदरावरच्या नोंदीत १४ तारखेला बांगड्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. याचे निदान तीन अर्थ निघतात: होड्या गेल्या पण बांगडा मिळाला नाही, वारा होता म्हणून होड्या गेल्याच नाहीत, किंवा नोंद घेणारी मुलगी त्या दिवशी परीक्षेला गेली होती. पहिल्याला शून्य लिहायला हवं, उरलेल्या दोन्हींना शून्य लिहिणं चूक आहे. महिन्याची सरासरी काढताना यातून निघणारे निष्कर्ष उलटेपालटे होऊ शकतात. मासळी कमी होते आहे की नाही यावर बंदराबंदरांत वाद होतात, त्या वादाच्या मुळाशी कधी कधी अशा रिकाम्या चौकटी असतात. म्हणून फाइलच्या सोबत एक पान असावं: कोणता रकाना कशाचा, एकक कोणतं, शून्याचा अर्थ काय, रिकाम्याचा अर्थ काय. या पानाला रीडमी म्हणतात. ते साध्या मराठीत लिहिलं तरी चालतं, इंग्रजीतही दिलं तर आणखी दूर जातं.

एक्सेल, फॉन्ट आणि पुराचं पाणी

चिठ्ठी लावली, पण डबाच उघडला नाही तर? इथे आपल्या मराठी संशोधनाची एक मोठी जखम आहे. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी मराठी मजकूर वेगवेगळ्या खासगी फॉन्टांत टंकला जाई. त्या काळात केलेल्या मुलाखती, लोकगीतांचे संग्रह, बोलींचे शब्दसंच आज उघडले की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. मजकूर तिथे आहे, तो वाचणारा फॉन्ट नाही. अशा फाइली तुमच्याकडे असतील तर त्या आत्ता युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलून देणारी साधनं अजून मिळतात. रूपांतरात जोडाक्षरं बिघडतात, त्यामुळे ज्याला मजकूर ठाऊक आहे त्यानेच ते तपासावं लागतं.

एक्सेलही गुपचूप आकडे बदलतं. ‘मार्च १’ अशा नावाचं जनुक होतं, एक्सेल त्याची तारीख करून टाकी. शोधनिबंधांना जोडलेल्या जनुकांच्या याद्यांत या चुका इतक्या पसरल्या, की शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. तुमच्या सर्वेक्षणात एकराच्या रकान्यात ‘३-४’ असं लिहिलं असेल तर त्याचा ‘३ एप्रिल’ झाला नाही ना, ते पाहा. काम संपल्यावर मूळ फाइलबरोबर एक प्रत सीएसव्ही या साध्या स्वरूपात ठेवावी. त्यात नुसता मजकूर आणि स्वल्पविराम असतात, कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ते अवलंबून नसतं.

आणि प्रती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं त्या पुरात भिजली. २००५ च्या पुरातही तिथे नुकसान झालं होतं. ज्या गावांना पूर, उधाण, वादळ आणि चार महिन्यांची बुरशी माहीत आहे, त्यांना ‘एकच प्रत ठेवू नका’ हे वेगळं सांगायला नको. ग्रंथालयशास्त्रात आणि संगणकशास्त्रात यासाठी ३-२-१ असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह एकाच पिशवीत असतील तर ती एकच प्रत समजावी.

मग ठेवायचं कुठे?

गूगल ड्राइव्हवर टाकलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. रोजच्या कामापुरतं ते ठीक आहे. पण ते खातं एका माणसाचं असतं. संस्थेने दिलेलं असेल तर शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतं, आणि दुवा बदलला की शोधनिबंधात दिलेला पत्ता मरतो.

यासाठी डेटा रिपॉझिटरी असते. हा डेटा जपण्यासाठीच चालवलेला सार्वजनिक संग्रह. तिथे फाइल ठेवली की तिला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. संकेतस्थळ बदललं तरी क्रमांक तोच राहतो आणि योग्य जागी नेतो. युरोपातल्या सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेली झेनोडो ही रिपॉझिटरी कुठल्याही देशातल्या, कुठल्याही विषयाच्या संशोधकाला फुकट वापरता येते. एका संचासाठी ५० जीबीपर्यंत जागा मिळते. कोकणातल्या बहुतेक पीएचडींचा डेटा त्याच्या कितीतरी आत बसेल. समाजशास्त्रांसाठी आपल्याकडे आयसीएसएसआर या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डेटा सेवा आहे. जीवांच्या नोंदींसाठी जीबीआयएफ हे जागतिक जाळं आहे आणि समुद्री जीवांसाठी ओबिस आहे.

डेटा चांगला ठेवला आहे का हे तपासायला २०१६ मध्ये चार निकष मांडले गेले. त्यांना फेअर म्हणतात: डेटा शोधता यावा, मिळवता यावा, दुसऱ्या डेटाशी जुळवता यावा आणि पुन्हा वापरता यावा. माझ्या अनुभवात पहिलाच निकष सगळ्यात जास्त वेळा नापास होतो.

‘माझी मेहनत दुसरा उचलेल’

ही भीती खरी आहे. खाडीच्या चिखलात तीन हंगाम उभं राहून घेतलेले नमुने कुणीतरी एसीत बसून वापरावेत, हे कुणालाच रुचणार नाही. पण यावर उपाय आहेत. रिपॉझिटरीत डेटा ठेवताना ‘अमुक तारखेपर्यंत बंद’ असं सांगता येतं. तोवर तुमचे निबंध प्रसिद्ध होऊन जातात. डीओआयवर तुमचं नाव आणि तारीख असते, म्हणजे हे आकडे आधी कुणाकडे होते याचा पुरावा तयार होतो. परवाना निवडताना ‘श्रेय देणं बंधनकारक’ असा निवडता येतो. पेन ड्राइव्हवरून हातोहात गेलेल्या फाइलला यातलं कुठलंच संरक्षण नसतं. चोरीची भीती वाटत असेल तर नोंदणी करणं जास्त सुरक्षित आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘आणि चुका बाहेर आल्या तर?’

येतील. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांचा संबंध सांगणारा निबंध लिहिला. अनेक देशांतल्या खर्चकपातीच्या चर्चेत त्याचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून मूळ फाइल मागून घेतली, तेव्हा एक्सेलच्या एका सूत्रात पाच देश सुटल्याचं दिसलं. लेखकांनी ती चूक मान्य केली. फाइल मिळाली नसती तर चूक राहिली असती आणि धोरणं तिच्यावर उभी राहिली असती. खारभूमीचा बांध कुठे घालायचा, मासेमारीवर निर्बंध किती असावेत, असे निर्णय ज्या आकड्यांवर होतात ते तपासता आलेच पाहिजेत. मुलांनाही हे सांगायला हवं, की डेटात चूक सापडणं ही बेअब्रू नाही.

‘लोकांनी विश्वासाने सांगितलेलं उघड करायचं?’

नाही. सगळा डेटा सगळ्यांना उघडा, असं कुणी म्हणत नाही. कोणत्या खडपाजवळ कोणता मासा मिळतो, ही मच्छीमाराच्या घरची मिळकत आहे. अजून संरक्षण नसलेल्या कातळशिल्पाचं अचूक ठिकाण, कासवाच्या ताज्या घरट्याची जागा, वैदूने सांगितलेली औषधी वनस्पती कुठल्या राईत आहे ही माहिती, अशा गोष्टी जपूनच ठेवायच्या. मुलाखतींतली नावं, मोबाइल क्रमांक, आजार, कर्ज यांना तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लागू होतो. त्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण ती अटींसह.

मात्र हे जमवायचं तर सुरुवातीलाच विचार हवा. संमतीपत्रावर ‘फक्त या प्रबंधासाठी’ असं लिहून सही घेतली, तर पुढे नावं काढून टाकूनही तो डेटा दुसऱ्याला देता येत नाही. ‘नाव वगळून जपून ठेवू आणि इतर अभ्यासकांना देऊ, चालेल का?’ हे मुलाखतीच्या आधी, त्यांना कळेल अशा मालवणीत किंवा मराठीत विचारायचं. नाही म्हणाले तर नाही. छोट्या गावात नाव काढूनही माणूस ओळखू येतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. ‘वाडीतली एकुलती एक सुईण’ असं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे. अशा वेळी फक्त मेटाडेटा उघडा ठेवावा. डेटा आहे, अमुक संस्थेत आहे, मागितल्यास कारण पाहून देऊ, एवढं जगाला कळलं तरी पुरतं.

हे काम ग्रंथपालाचं का?

संगणक विभागाकडे सर्व्हर असतो. पण कोणती गोष्ट काय नावाने नोंदवली म्हणजे शंभर वर्षांनी अनोळखी माणसाला सापडेल, हा ग्रंथपालांचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवसाय आहे. वर्गीकरण, सूची, हक्क, देवघेव, जतन हीच कौशल्यं डेटाला लागतात. जगातल्या अनेक विद्यापीठांनी म्हणूनच ही सेवा ग्रंथालयात ठेवली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०११ पासून अनुदानाच्या अर्जासोबत डेटाचा आराखडा मागायला सुरुवात केली, तेव्हा संशोधकांची रांग ग्रंथालयांकडेच लागली. तो आराखडा म्हणजे दोन पानांचं उत्तर: काय गोळा करणार, कोणत्या स्वरूपात, कुठे ठेवणार, कोणाला केव्हा देणार, आणि तुम्ही नसाल तेव्हा जबाबदारी कोणाची.

आपल्याकडच्या लहान कॉलेजात एकटा ग्रंथपाल आणि एक परिचर, कधी ग्रंथपालाची जागाच रिकामी, ही स्थिती मी नाकारत नाही. त्यांच्यावर आणखी एक काम लादून मोकळं होणं अन्याय आहे. जागा भरल्या पाहिजेत आणि या कामाचे तास त्यांच्या कामात धरले पाहिजेत. पण सुरुवातीला ना सर्व्हर लागतो ना निधी. पीएचडीची नोंदणी होते तेव्हा विद्यार्थी, गाईड आणि ग्रंथपाल यांनी तासभर एकत्र बसून तो दोन पानांचा आराखडा लिहायचा. प्रबंध सादर होतो तेव्हा त्याच तिघांनी डेटा कोणत्या रिपॉझिटरीत गेला तो क्रमांक प्रबंधाच्या शेवटी घालायचा. दापोलीचं कृषी विद्यापीठ, लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, मुंबई विद्यापीठाची रत्नागिरीची आणि सावंतवाडीची उपकेंद्रं, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, एवढ्या ठिकाणी जरी ही पद्धत पडली तरी किनाऱ्याचं चित्र बदलेल.

निवृत्त सरांच्या कपाटातल्या वह्या

नव्या डेटाचं ठीक, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वह्यांचं काय? नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली रत्ना १९८१ साली आली, सिंधू १९९२ साली. अशी एक जात घडते तेव्हा त्यामागे हंगामामागून हंगाम झाडाखाली उभं राहून केलेल्या नोंदी असतात. फुलकिडे कधी वाढले, फळगळ किती झाली, साका, म्हणजे गरातला बिघाड, किती फळांत निघाला. हवामान बदलत असताना या जुन्या तारखा सोन्याच्या आहेत, आणि अशा कितीतरी नोंदी आज फक्त कागदावर आहेत.

स्कॅन करणं सोपं आहे, मोबाइलवरही होतं. अवघड असतं ते त्यातली खुणेची भाषा उलगडणं. ‘त-४’ म्हणजे तळ्याकाठचं चौथं झाड की तिसऱ्या ओळीनंतरचं, लाल शाईतला आकडा दुरुस्ती आहे की इशारा, मध्ये दोन आठवडे कोरे का, हे लिहिणाऱ्यालाच माहीत असतं. त्यामुळे वही हाती घेण्याआधी त्या सरांची किंवा बाईंची वेळ घ्यावी. त्यांच्यासमोर एकेक पान उलटावं, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवावं आणि ते सांगतील तसं लिहून घ्यावं. ती नोंद स्कॅनच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, त्याच क्रमांकाखाली ठेवायची. हे काम विभागाने येत्या सुट्टीत ठरवून करावं. वह्या काढणाऱ्या पिढीतले बरेच जण आज सत्तरीच्या पुढे आहेत.